पायरीवर घासलेले डबे

किल्लीवाल्याने म्हणे एका ओपनरपायी पोटच्या पोरीला घराबाहेर काढलं. डबा उघडायच्या साध्या ओपनरपायी! ही बातमी जिन्याने खाली उतरली तेव्हा एवढीशी होती. गल्लीच्या टोकाला पोचेतो तिने चांगलंच बाळसं धरलं. कोणी म्हणे, त्याने तो ओपनर तिच्या अंगावर फेकला. कोणी म्हणे, छे, फेकतोय कसला, फुकटचा ओपनर ठेवून घेतला आणि पोरगी तेवढी परत केली. चामडी जाईल पण दमडी जाणार नाही, असा ज्याचा लौकिक, त्याच्याबद्दल लोक काय वाट्टेल ते मानतात.

हा लौकिकही त्याला डब्यांनीच मिळवून दिला होता. बायको गेल्यापासून किल्लीवाला सीलबंद डब्यांवर जगायचा. वाटाणे, मका, मासळी, पाकातली फळं. संध्याकाळी दुकान बंद केलं की एक डबा घेऊन इमारतीच्या पुढच्या पायरीवर उकिडवा बसे. डबा उलटा करून त्याची कड दगडावर टेकवी, वरून दोन्ही तळवे दाबी आणि गोल गोल घासत राही. घर्र, घर्र. कड झिजली की दगडावर ओलसर डाग उमटे. तिथेच थांबायचं, हाव धरली तर रस पायरीच्या पोटात. मग डबा सुलटा करायचा, कड फडक्याने पुसायची आणि दोन तळव्यांच्या मध्ये डब्याच्या बरगड्या दाबायच्या. झाकण आपसूक वर येई.

तळमजल्यावरची शिवणवाली मावशी मशीन थांबवून खिडकीतून विचारी, "काय हो किल्लीवाले, आज कोणाची तिजोरी फोडताय?"

"मक्याची."

"अख्ख्या गावाची कुलपं उघडता आणि घरचा डबा उघडायला पायरी लागते होय? खळगा पडायला आला तिला."

"पडू दे की. पावसाचं पाणी साठेल. चिमण्या तुम्हाला दुवा देतील."

"मला कशाला? कंजूष तुम्ही!"

तो हसे. कंजूष म्हटलेलं त्याला चालत होतं. खरं तर ते त्याच्या पथ्यावरच पडत होतं.

त्याचं दुकान म्हणजे एका जिन्याखालची खोबण. गिऱ्हाईक घरी घेऊन गेलं की तो दाराशी गुडघे टेकून कुलपात तार घाली, डोळे मिटून आतलं चाचपी, मग दुकानात येऊन यंत्रावर किल्ली कापी. पण नवी किल्ली कुलपात घातल्यावर तो बाजूला सरके आणि घरमालकाला म्हणे, "फिरवा. तुमचं दार, तुमच्याच हाताने उघडू दे." लोकांना केवढं कौतुक या अदबीचं! दार उघडल्याचा आनंद ज्याचा त्याला देतो म्हणे.

अदब कसली आली आहे. जन्मभर किल्ल्या पिळून त्याच्या उजव्या अंगठ्याचं मूळ कामातून गेलं होतं. तार फिरवायला जोर लागत नाही, ते जमत होतं. पण चिमटीत धरून काही पिळायचं म्हटलं की मनगटापर्यंत कळ जाई आणि बोटं आपोआप सुटत. हे बायकोला ठाऊक होतं. आपल्या औषधाच्या बाटलीचं झाकण ती न बोलता स्वतःच उघडायची. ती गेली आणि हे ठाऊक असलेलं माणूस संपलं.

गिऱ्हाइकांना कळलं तर धंदा बसेल, ही भीती होतीच. पण मोठी भीती मुलीची. लहानपणी ती अडलेली प्रत्येक वस्तू घेऊन त्याच्याकडे पळत यायची. बरणीचं झाकण, पेटीची कडी, शाईची बाटली. "बाबा, उघडत नाही." आणि बाबा उघडून द्यायचे. आपलं लग्न झालेलं, नोकरीतलं लेकरू अजूनही आपल्याकडे त्याच नजरेने बघतं, असं त्याला वाटे. ती नजर जाऊ नये, एवढीच त्याची धडपड होती.

मुलगी भेटायला आली की मावशी तिला पायरीवरच गाठायची. "अगं, बापाला एक ओपनर तरी घेऊन दे. नाहीतर पायरीची भरपाई तुझ्याकडून घेऊ." मुलगी कसनुशी हसायची. शेवटी एकदा तिने पिशवीतून ओपनर काढून टेबलावर ठेवला. चांगला जड, बाजूला दोन पाकळ्यांची चावी असलेला.

"बाबा, आता पायरीवर बसायचं नाही."

"पायरीने काय घोडं मारलंय तुझं?"

"मावशी हसतात मला."

"हसू दे. दिवसभर मशीन चालवून जीव विटतो बिचारीचा."

"चेष्टा नको. हा घ्या डबा. माझ्यासमोर उघडून दाखवा."

त्याने ओपनरचे दात डब्याच्या कडेवर बसवले. डाव्या हाताने दांडे आवळले. उजव्या चिमटीत चावी धरली आणि पिळली. कळ आली, बोटं सुटली, चावी जागची हलली नाही. मुलगी बघत होती. बाळ, माझा हात चालत नाही गं, एवढं म्हणायचं होतं. पण त्याने ओपनर बाजूला सरकवला.

"हलका माल आहे. असल्या खेळण्यांवर उधळायची सवय तुला आईने लावली."

"आईने?" मुलीचा आवाज चढला. "आईला औषधाची बाटलीसुद्धा कधी उघडून दिली नाहीत तुम्ही. आजारी बाई, स्वतः झाकण पिळत बसायची. मला वाटायचं, विसरत असतील. आता कळलं. तुम्हाला कोणासाठी काही करायचंच नसतं."

"एवढं कळलंय तर येतेस कशाला इथे?"

बोलून गेला. शब्द काही कुलूप नव्हे, पुन्हा लावून घ्यायला. मुलीने पिशवी उचलली. जिना उतरताना ती रडत होती, आणि मावशीच्या मशीनचा धागा नेमका तेव्हाच तुटला होता. पुढचं तिखटमीठ कोणी लावलं हे काय सांगायला हवं?

त्या दिवसापासून तो पायरीवर दिसेना. लोक म्हणाले, बघा, ओपनर पचला. तो मोरीत दार लावून डबे घासत होता. मोरीची फरशी गुळगुळीत, डबा नुसता घसरायचा. एकेका डब्यापायी खांदे भरून यायचे. पण आपण अजून डबे घासतो हे कोणी मुलीच्या कानावर घालू नये, म्हणून.

पुढे एकदा मुलीचा फोन आला.

"जेवलात?"

"जेवलो."

"ओपनर वापरता का?"

"रोज. छान आहे."

मग ती म्हणाली, "तेव्हा दुसरं काही होतं का बाबा? तुमचा चेहरा कसातरीच झाला होता."

त्याने उजवा हात मांडीखाली दाबून धरला होता. समोर कोणी बघणारं नव्हतं तरी.

"काही नव्हतं गं. तू उगाच मनाला लावून घेतेस."

"मग नुसतंच बोललात तसं?"

त्याने फोन दुसऱ्या कानाशी धरला.

"बरं," ती म्हणाली. "ठेवते."

मुलीला त्याने घराबाहेर काढलं नव्हतं. त्याचा अंगठा निकामी झाला होता, ते त्याने तिला सांगितलं नाही, आणि ती पुन्हा आली नाही.