राबाचा भुसा तांबडीला

आमच्या घरात मी कमी बोलणारी. थोरले दीर ओटीवर बसलेले असले की मी मागच्या दाराने गोठ्यात जाते. त्यांना मला काही सांगायचं असलं तर ते जाऊबाईंना सांगतात, मी समोर उभी असले तरी. तिला सांग, पाणी तापव. तिला सांग, म्हैस बांध. इतकी वर्षं असंच चाललं आणि मला त्याचं काही वाटलं नाही. गेल्या उन्हाळ्यात वाटलं. चौथीपर्यंत शिकले आहे, तेवढ्यात जमेल तसं लिहून ठेवते.

आमचं गाव कळंबच्या बाजूला. भात कापून झालं की गुरं माळावर सोडायची आणि पावसापर्यंत त्यांच्याकडे फारसं बघायचं नाही, असा इथला रिवाज. हा रिवाज पडला तेव्हा माळ मोठा होता. आता चांगल्या मातीच्या जागा बंगल्यांच्या कुंपणात गेल्या. आतल्या गवताला रोज पाणी मारतात, यंत्राने कापतात आणि कापलेलं गोणीत भरून फेकतात. आमची गुरं तारेबाहेर उभी राहून बघतात. उरला तो खडकाळ उतार. तिथलं गवत माघातच सुतळीसारखं होतं. त्याने पोट भरतं, पण अंगाला काही लागत नाही. माळ गेला, रिवाज मात्र राहिला. घरातला पेंढा बैलांना आणि दुभत्या म्हशीला. भाकड गाईने बाहेर मिळेल ते खायचं.

आमची तांबडी गाय बरेच दिवस व्यायली नव्हती. फाल्गुनात तिच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. चैत्रातल्या एका संध्याकाळी माळावरून येताना ती ओढ्याच्या चढणीवर बसली ती उठेना. आमच्याकडे उन्हाळ्यात जनावर बसलं म्हटलं की ते आता जगत नाही, असं लोक समजून जातात. बाप्यांनी पोटाखालून गोणपाट घालून तिला उभी केली आणि धरून धरून गोठ्यात आणली. दीर म्हणाले, उद्या परत बसेल, उगाच तिच्यावर पेंढा घालवू नका.

मी मनात म्हटलं, बसू देणार नाही.

आधी भाताची पेज, कोंडा आणि थोडं मीठ असं सुरू केलं. आमचे हे खोपोलीला कंपनीत जातात, पाळीवरून आले की जेवून झोपतात. त्यांना म्हटलं, गाय गाभण असणार, पोट बघा तिचं. मला खरंच तसं वाटत होतं. ते म्हणाले, गाभण असली तर घाल. पण घरचा कोंडा पुरेना. अंगणात वालाचा भुसा पडला होता. वाल झोडले की शेंगांची टरफलं, सुकलेले वेल आणि पाला उरतो, त्याचा हा ढीग. गुरं तो आवडीने खातात आणि त्याने अंग धरतात, हे मी माहेरी बघितलेलं. सासरी मात्र तो राबाचा. भाताचं रोप टाकायची जागा आधी भाजावी लागते. तिच्यावर शेण, फांद्या, पाला, भुसा पसरून पेटवतात, तो राब. दरवर्षी दारात गुरं उपाशी उभी असायची आणि आम्ही त्यांचा घास जाळायचो.

मी भुसा न्यायला लागले. म्हशीने टाकलेला पेंढा पाण्यात भिजवायचा आणि त्यात भुसा कालवायचा. नुसता भुसा एकदम दिला तर पोट फुगतं. जाऊबाईंनी ते बघितलं. नळावर बायका जमल्या होत्या, त्यांना म्हणाल्या, "आमच्या धाकटीची गाय आता पाटावर बसून जेवते. पंगतीला वाढायला या गं कोणतरी." सगळ्या हसल्या. मी हंडा भरला आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी टोपली मोठी घेतली.

राब पसरायच्या सकाळी दीर भुसा उचलायला आले. मी जाऊन ढिगावर बसले. तिला सांग उठायला, असं ते जाऊबाईंना म्हणाले. जाऊबाईंनी मला सांगितलं. मी पदर नीट केला आणि बसून राहिले. ऊन डोक्यावर आलं तेव्हा ते निघाले. जाता जाता म्हणाले, राब उणा पडला तर रोप काय तिच्या गाईच्या पाठीवर टाकायचं? त्यांचंही खोटं नव्हतं. म्हणून मी रोज डोंगरावर जाऊन साग-ऐनाची गळलेली पानं भारा बांधून आणू लागले आणि राबावर भुशाच्या जागी ती टाकू लागले.

तांबडी हळूहळू स्वतःची स्वतः उठायला लागली. तेवढ्यात म्हशीला बघायला गुरांचे डॉक्टर आले. ह्यांनी त्यांना तांबडीलाही तपासायला सांगितलं. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, गाभण नाही, पोट चाऱ्याचं आहे.

जाऊबाई तोंडाला पदर लावून हसल्या. हे खाली बघत राहिले. दीर त्यांच्या सवयीने जाऊबाईंना म्हणाले, "तिला सांग, झालं आता. राहिलेला भुसा राबावर टाक."

मी पुढे झाले.

"भावोजी, मला सांगा. मी इथंच हाय," मी म्हटलं. "गाभण नाय ती. पण भूक तर हाय ना तिला? भुसा मी देणार नाय."

डॉक्टर हात धूत होते, ते धूतच राहिले. दीरांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ओरडतील.

"मग पाला अजून लागंल," ते म्हणाले. "राबाचा वरचा कोपरा उघडाच हाय."

"आणते."

आधी तांबडीपुढे टोपली ठेवली, मग डोंगरावर गेले. राब भाजला, रोपही आलं. पानांच्या कोपऱ्यात थोडं पातळ आलं, ते जाऊबाईंनी सगळ्यांना नेऊन दाखवलं. दाखवू देत.

तांबडी अजून भाकडच आहे. आता गाभण असेल, उद्या दूध देईल, असलं मी कोणाला सांगत नाही. यंदा वाल झोडले त्याच दिवशी सगळा भुसा गोठ्यात भरला आणि कोणाला विचारलं नाही.