गुरुवारी गेलेली लाइट

ज्योतीराम गवळी काम करताना डावा हात पँटच्या खिशात ठेवतो. महाळुंग्याच्या शेडवाल्यांनी त्याचं नाव ‘खिसेवाला’ पाडलंय. मीही तसंच म्हणायचे. माणूस पन्नाशीचा, मूळचा औशाचा, राहायला संत तुकाराम नगरला. जुन्या मशीनचे जुने कॉम्प्युटर चालते ठेवणं हा त्याचा धंदा, आणि ते करणारा दुसरा कोणी मला ठाऊक नाही. नाहीतर इतक्या संथ माणसाला मी दारात उभं केलं नसतं.

माझ्या वर्कशॉपमधलं लेथ मशीन तीस वर्षांचं. त्याच्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा पत्र्याचा डबा, बुधवारी बंद पडला. नवा डबा तिथे जसाच्या तसा चालत नाही. जुन्या कॉम्प्युटरला उणे पाच व्होल्टही लागतात, आणि पिना वेगळ्या. ज्योतीराम नव्यात तेवढा भाग वाढवतो आणि जुन्या डब्याच्या वायरी कापून त्याला जोडतो. शनिवारी माल गेला नाही तर माझं गिऱ्हाईक तुटणार होतं, आणि हे महाराज अर्थिंगची हिरवी वायर ओढून ओढून बघत होते.

“ती नसली तरी मशीन चालतं हो,” मी म्हटलं.

“मशीन चालतं. माणूस चालत न्हाई.”

गुरुवार होता. गुरुवारी आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात सुट्टी, दुरुस्तीसाठी लाइटही घालवतात. म्हणून असली कामं सगळे गुरुवारीच काढतात. लाइट गेली, आता खुशाल हात घाला. ज्योतीरामनं जुना डबा एकदा लावून पाहिला, मेलाय म्हणाला, तेवढ्यात दहा वाजले आणि पंखा थांबला. त्यानं प्लग काढला, डब्याचं झाकण उघडलं आणि पिशवीत काहीतरी शोधत बसला.

माझं डोकं फिरलं. मी पक्कड उचलली. “वायरीच कापायच्यात ना? मीच कापते.”

त्यानं माझ्या मनगटावर फटका मारला. बारा वर्षांच्या ओळखीत पहिल्यांदा.

“ताई, लाइट गावातली गेलीय. डब्यातली हाय अजून.”

“काहीतरीच काय? सगळ्या महाळुंग्यात लाइट नाही.”

त्यानं डावा हात खिशातून काढून माझ्यापुढे धरला. “ही दोन बोटं बधिर हायत. असाच गुरुवार होता, दोन्ही हात आत होते. छातीतून गेला करंट. बंद पडलेला डबा वीज खर्चत न्हाई, कपॅसिटरमधी धरून बसतो.”

हात पुन्हा खिशात गेला. उजव्या हातानं त्यानं पिशवीतून दोन वायरींचा बल्ब काढला. एक वायर चिमट्यानं अडकवली, दुसरी टेकवली.

बल्ब लख्ख पेटला आणि विझला.

मी पक्कड खाली ठेवली. डाव्या हातासाठी खिसा शोधला, तर माझ्या कुर्त्याला खिसाच नव्हता.

ज्योतीरामनं मीटर लावला, काटा शून्यावर येईपर्यंत थांबला.

“आता गेली लाइट,” तो म्हणाला. “द्या पक्कड.”