पहिली की दुसरी?

माझ्या मुलाचं लग्न एका वेलांटीमुळे मोडायला आलं होतं. वेलांटी माझी नव्हती, पण आगाऊपणा माझा होता.

मी रविंद्र. महाडच्या कोर्टात कारकून होतो. जन्म दुसऱ्यांच्या अर्जांतल्या चुका काढण्यात गेला. निवृत्त झालो, तेव्हा टीव्हीवर वर्षानुवर्षं चाललेल्या एका प्रश्नमंजूषेच्या चाहत्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप सापडला आणि बोटं पुन्हा शिवशिवू लागली. कार्यक्रम सुरू झाला की सगळे धडाधड उत्तरं टाकायचे. मी टाकत नसे (येत नसत!). मी फक्त वेलांट्या बघायचो आणि लिहायचो, 'पहिली!' नाहीतर 'दुसरी!' माझ्यासारखे आणखी चौघे होते. एकदा एका अनुस्वारावरून आमची अशी जुंपली की स्पर्धक जिंकला की हरला, तेच कुणाला कळलं नाही!

एका संध्याकाळी प्रश्न आला: महाबळेश्वरला उगम पावून अरबी समुद्राला मिळणारी नदी कोणती? 'नात्याची ताई' नावाच्या बाईंनी सगळ्यांच्या आधी लिहिलं, 'सावित्रि'.

'दुसरी! उत्तर बाद!' मी ठोकून दिलं. ॲडमिनलाही पटलं आणि 'आजचे हुशार' हा मान भलत्यालाच गेला.

महिन्याभराने आम्ही निखिलसाठी मुलगी मागायला गेलो. निखिल आणि प्राजक्ताचं आपसात ठरलेलंच होतं, फक्त तिच्या आईचा होकार बाकी होता. गाव नाते. (तरीही माझी ट्यूब पेटली नाही. मला वाटलेलं, ताई कुणाच्या तरी नात्यातली असेल!)

प्राजक्ताच्या आई, सुमनताई, कप देत म्हणाल्या, "चाय गोड हाय ना?"

"आहे," मी म्हणालो. "'हाय' नाही, 'आहे'."

बायकोने कोपर मारलं, पण उशीर झाला होता. सुमनताईंनी मला खालून वर न्याहाळलं.

"तुम्ही ते वेलांटीवाले रविंद्र?"

"हो! तुम्हीसुद्धा ग्रुपवर?" मी खुलून विचारलं.

"माझं म्हायेर पोलादपूर. सावित्रीत पोवायला शिकलंय मी. आन तुम्ही माझीच सावित्री बाद केलीत? नाय द्यायची आमची पोरगी. दुसरी बघा!"

परतताना निखिल महाडपर्यंत खिडकीबाहेर बघत बसला. बायको मात्र बोलली. "आता वेलांटीशीच लावा पोराचं लग्न!" पोराचा चेहरा बघून मला खरंच स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी, कार्यक्रम ऐन रंगात असताना, सगळ्या ग्रुपसमोर मी लिहिलं: 'ताई, सावित्री तुमचीच. चूक माझी. माफ करा. आपला, रविंद्र.'

तीन माणसं एका मोबाईलवर वाकली. उत्तर आलं: 'पयली नको. दुसरी.'

"संपलं!" निखिल म्हणाला. बायकोने तडक फोन लावला. "ताई, यांच्या वेडेपणाची शिक्षा पोरांना नका हो देऊ! दुसरी मुलगी कुठून आणू?"

"अगो, पोरीचं कोन बोलतंय?" सुमनताई खदखदून हसल्या. "त्यांच्या नावातली वेलांटी! रवींद्रमधली वी दुसरी हाय. माझ्या पोरीला सासरा पायजे तो नीट लिवलेला. लगीन ठरलं म्हना!"

लग्नपत्रिका तपासायचं काम अर्थातच विहीणबाईंनी केलं. त्यामुळे पत्रिकेत मी दुसरा आहे. शाळेच्या दाखल्यापासून पेन्शनच्या कागदांपर्यंत मात्र अजून पहिलाच!