डावीकडे ओढणारी गाडी

बाबांची गाडी दोनच माणसांची, लाल आणि इतकी खाली की आत शिरायचं म्हणजे जमिनीवर बसकण मारायची. मांद्र्याच्या एका गेस्टहाऊसवाल्याकडून त्यांनी ती जुनी घेतली. आयुष्यभर डिचोलीच्या खाणीवरचे ट्रक चालवले, धूळ खाल्ली, आता म्हणे एकदा तरी गाडी चालवल्यासारखी गाडी चालवणार. आई महिनाभर बोलली नाही. मग एक दिवस तीच पदर आवरून आत बसली आणि तेरेखोलपर्यंत फिरून आली.

गेल्या वर्षी बाबांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. देवाची कृपा, लवकर उठले. बोलणं आलं, चालणं आलं, डावा हातही उचलू लागले. आईने तुळाभाराचा नवस केला होता, तो देवळात फेडला. तराजूच्या एका पारड्यात बाबा, दुसऱ्यात नारळ. भटजींनी नारळ टाकायला घेतले आणि बघता बघता बाबांचं पारडं वर आलं. बाबांच्या आधीच्या वजनाच्या अंदाजाने आणलेल्या नारळांतलं एक पोतं तसंच राहिलं. "ओले नारळ असत, जड असत," बाबा म्हणाले.  आई डोळे मिटून हात जोडून होती, पण तिने ते उरलेलं पोतं बघितलं होतं.

डॉक्टरांनी सोबत माणूस घेऊन हळूहळू गाडी चालवायची परवानगी दिली. गिअर आपोआप पडणारे, ती काळजी नव्हती. पण चालवणार कशी, आतच बसता येईना. गुडघे वाकत नव्हते आणि बसले तर उठवायला दोघं लागत. आधीच्या मालकाने उंची कमी-जास्त करता येणारे शॉकअप बसवले होते, तेवढं बरं. डिचोलीचा गॅरेजवाला मेस्त म्हणाला, "वर करून देतो की काका. पण उंची बदलली की चाकांचा कोन बदलतोय, अलाइनमेंट परत करायला लागणार." हा मेस्त मूळचा बेळगावकडचा. असली गाडी तो चालवणाऱ्याच्या वजनाच्या वाळूच्या पिशव्या सीटवर ठेवूनच जुळवतो, कारण माणूस बसला की ती त्या बाजूला दबते.

गाडी वर आली. बाबा स्वतःच्या पायाने आत बसले, स्वतःच्या पायाने उतरले. दोनदा तसंच करून दाखवलं. इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर आजारपणानंतर पाहिला नव्हता.

मग आम्ही दोघं पेडण्याला घरी निघालो. थोडं पुढे आलो आणि गाडी डावीकडे सरकायला लागली. अगदी हळू, कळेल न कळेल अशी. रस्त्याच्या कडेने पाव विकणारा पोदेर सायकलवरून चालला होता, मागे पावांची टोपली बांधलेली.

"बाबा, डावीकडे! माणूस असा!" मी ओरडले.

बाबांनी गाडी खेचून घेतली. पोदेर सायकलसकट गवतात उतरला आणि आमच्या सात पिढ्या काढल्या. काढणारच! 

"मेस्तान वाट लावली गाडयेची," बाबा म्हणाले. "डावीकडे ओढता."

"हातामुळे तर नाय?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"माका काय झालेला नाय! गाडीच ओढता!"

 मलाही तेच हवं होतं ना! गाडी ओढत असेल तर पाना घेऊन काहीतरी करता येतं. हात ओढत असेल तर काय करणार, कपाळ?

मेस्ताला फोन केला. तो म्हणाला, रस्त्याला कडेकडे उतार असतो, त्याने जात असेल. मग म्हणाला, काकांनी सांगितलं तेवढ्याच वजनाच्या पिशव्या ठेवल्या होत्या. किती ते विचारलं. बाबांनी आजारपणाआधीचं वजन सांगितलं होतं! मला एकदम ते उरलेलं नारळांचं पोतं आठवलं आणि, खोटं कशाला सांगू, आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पिशव्या जास्त झाल्या, म्हणून गाडी चुकीची जुळली, दुसरं काही नाही!

"तेवढ्यानं एवढी ओढणार न्हाई ताई," मेस्त म्हणाला. "पण आणा, बघू."

रविवारी सकाळी गेलो. या खेपेला पिशव्या नाहीत, खुद्द बाबांनाच सीटवर बसवलं. चाकांना पट्ट्या लावल्या, मशीनच्या पडद्यावरचे लाल आकडे एकेक करत हिरवे झाले. मेस्ताने औद्योगिक वसाहतीतल्या मोकळ्या रस्त्यावर एक फेरी मारली. कारखाने बंद, रस्ता सपाट आणि सरळ, चिटपाखरू नाही. परत येऊन म्हणाला, "आता सुतात हाय."

मग त्याच रस्त्यावर बाबा आणि मी. थोडं गेलो आणि गाडी डावीकडे.

"बघितलंस? अजून ओढता," बाबा म्हणाले. त्यांचा डावा हात स्टिअरिंगवर होता. धरलेला नव्हता, दोरीवर ओलं कापड टाकावं तसा लोंबत होता.

मी त्या हाताकडेच बघत राहिले.

"तुका खरा वाटणा नाय ना? थांब. हात सोडतंय, बघ!"

त्यांनी दोन्ही हात वर केले. गाडी सरळ गेली. सरळ म्हणजे सरळ, इकडे नाही की तिकडे नाही. बाबांनी नुसता उजवा हात लावला, तरी सरळ. मग डावा ठेवला. गाडी हळूच कडेला निघाली.

परत येईपर्यंत आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. गॅरेजमध्ये बाबा सावकाश उतरले आणि म्हणाले, "मेस्ता, परत खाली कर गाडी. होती तेवढी."

"खाली? आत्ताच तर वर केली की काका."

"आता चढूचा कोणाक असा?"

मेस्त माझ्याकडे बघायला लागला. मला असा राग आला, बाबांचा, त्या हिरव्या आकड्यांचा, सगळ्यांचा. "माका चढूचा असा!" मी ओरडले. "आणि तुमका, त्या बाजून! गाडयेक कोणी हात लावल्यान तर बघा!"

 बाबा गाडीला वळसा घालून डाव्या दाराने आत बसले. गाडी वर केल्यामुळे कोणाच्या मदतीशिवाय बसले. मग सवयीने उजव्या खांद्यामागे हात नेऊन पट्टा चाचपत राहिले. पट्टा त्या बाजूला नव्हता.

मी वाकून त्यांचा पट्टा लावला आणि गाडी काढली. पेडण्यापर्यंत ती एकदाही डावीकडे गेली नाही. एकदा तरी जायची, मेली.