ओतायचं कशावर?

आमची मावशी दवाखान्यात नर्स होती. आयुष्यभर पांढऱ्या चादरी अन् पांढऱ्या पट्ट्या. निवृत्त झाली आणि तिला रंगांनी झपाटलं. ब्रश नको, पेन्सिल नको. पातळ केलेले ॲक्रिलिक रंग एका पेल्यात एकावर एक घालायचे आणि सरळ ओतायचे. रंग वाट फुटेल तिकडे धावायचे अन् मावशी टाळ्या पिटायची.

पण ओतायचं कशावर? कागद भिजून वळला. कॅनव्हास रंगाच्या वजनाने मधोमध खोलगट झाला आणि सगळा रंग तिथे तळं करून बसला. प्लायवूडने रंग पिऊन टाकला. सनमायकावर चित्र झकास उतरलं, पण वाळल्यावर सालासारखं निघून हातात आलं.

"टणक पाहिजे, सपाट पाहिजे आणि रंग धरून ठेवणारं पाहिजे," असं म्हणत तिने घरभर नजर फिरवली. ती झोपायच्या खोलीच्या दारावर थांबली.

काका फिरून आले तेव्हा चौकटीत दार नव्हतं. ते बाहेरच्या खोलीत उपड्या बादल्यांवर आडवं पडलं होतं आणि मावशी त्याची चकाकी पॉलिश पेपरने घासून काढत होती.

"अगं, वेड लागलंय का तुला?"

"सुताराकडून काढून घेतलं. बोलत बसू नका, प्रायमर आणा."

काका पुटपुटत गेले, पण आणला. प्रायमर वाळल्यावर मावशीने दारावर गोटी ठेवली. ती घरंगळली. एका बादलीखाली पुठ्ठा सरकवला, तेव्हा कुठे ती जागची हलेना.

मग ओतलं! निळा, केशरी, मध्ये पांढरा.

"उचला तुमची बाजू!" मावशी ओरडली.

काकांचा जन्म बस चालवण्यात गेलेला. दाराचं टोक हातात येताच त्यांच्या अंगात वारं शिरलं.

"डावीकडे घेतो! थांब, निळा सुटलाय! आता तू वर घे!"

"अहो हळू, कोपरा राहिला!"

"येतोय, येतोय... आला!"

रंग काकांच्या पायांवर ठिबकत होते, पण शुद्ध कुणाला होती? दार अलगद टेकवून दोघं धापा टाकत बघत राहिली. निळ्याच्या पोटातून केशरी डोळे उघडत होते.

"हे आपण केलं?" काका हळूच म्हणाले.

वाळल्यावर मावशीने नखाने खरवडून पाहिलं. रंग हलला नाही. दार पुन्हा चौकटीत बसलं, रंगीत बाजू आतल्या अंगाला. आता घरी कुणीही आलं की काका त्याला थेट झोपायच्या खोलीत नेतात अन् दार लावून घेतात. पाहुणा गोंधळतो, मावशी बाहेरून ओरडते, "अहो, अंथरूण तरी आवरू द्या!" आणि आतून पाहुण्याचा आवाज येतो, "अरे बापरे!"