विजयमालाची काचेची घागर

विजयमालाबद्दल मला फार थोडं माहीत आहे. तिचं माहेर झरीचं, एवढं कुणाकडून तरी ऐकलेलं. काच फुगवायला ती नेमकी कुठं शिकली, पुण्यात की उत्तरेत फिरोजाबादकडे, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. लिहायचीही मला सवय नाही. पण दुसरं कुणी लिहील असं दिसेना, म्हणून बसलो. चुकलं तर तिची माणसं सांगतील.

आमची ओळख रद्दीची. मानवतला मोंढ्यामागं तिच्या चुलत सासऱ्यांचं, आबासाहेबांचं, सरकीचं जुनं गोदाम आहे. तिथं तिनं भट्टी घातली होती. तापलेल्या काचेला हातानं आकार देताना तळव्यावर ओल्या वर्तमानपत्राची जाड घडी धरावी लागते, आणि ती सारखी जळत असते. मी जुने पेपर जपून ठेवणारा माणूस. दर रविवारी गठ्ठा नेऊन द्यायचो आणि दाराजवळ पोत्यावर बसायचो. तिथं माझं काही काम नसे, पण कुणी ऊठ म्हणालं नाही.

हे काम एकट्याचं नव्हे. भट्टी भागवत वेल्डरनं बांधलेली. बिघडली की तोच तिला शिव्या देत दुरुस्त करायचा. शेळ्या राखणाऱ्या कमलबाई शेळ्या मागच्या पडीक रानात सोडून फुंकायला यायच्या. विजयमाला लोखंडी नळीच्या टोकाला गुळाच्या पाकासारखी काच उचलायची आणि बाकावर बसून नळी गोल फिरवत राहायची. दुसऱ्या टोकानं कमलबाई फुंकायच्या. फिरवणं जरा थांबलं की काच एका बाजूला ओघळते.

"चुलीपुढं जलमभर फुंकलं, कुणी बघाय आलं न्हाई," कमलबाई म्हणायच्या. "हितं फुंकलं की फोटू काढायलेत!"

एके दिवशी आबासाहेब अचानक आले. विजयमाला पुण्याच्या प्रदर्शनासाठी मोठी घागर करत होती. सासरे दिसताच तिनं नळी टेकवली, पदर सावरला आणि वाकून पाया पडली. उठेपर्यंत घागर लोंबून आडवी झाली.

"हे काय करायलीस, सुनबाई?"

"घागर होती, मालक," भागवत म्हणाला. "आता भोपळा झालाय."

आबासाहेब हसले नाहीत. "यंदा कापूस लय हाय. गोदाम लागंल मला. पुढच्या रविवारी येतो. एक तरी भांडं धड निघालं तर बघू, न्हाई तर भट्टी उचला."

पुढच्या रविवारी घागर अर्धी फुगली होती आणि आबासाहेब दारात उभे राहिले. कमलबाईंचं फुंकणं थांबलं. विजयमाला मात्र उठली नाही. तिची मान खाली, हात चालूच.

"मामा, पाया नंतर पडते. आता हात सोडता येत न्हाई."

मला वाटलं, संपलं सगळं. सुनेनं बसल्या जागेवरून सासऱ्याशी बोलणं आमच्याकडं लहान गोष्ट नाही. आबासाहेब सावकाश जवळ आले आणि नळीकडं बघत राहिले.

"मनगट दुखत न्हाई का?"

"दुखतंय की."

"मग सरक तिकडं."

ते बाकावर बसले. तिनं नळी त्यांच्या हाती दिली आणि ओला पेपर घेऊन समोर बसली. "हळू, मामा. पण थांबायचं न्हाई."

तेवढ्यात त्यांचे दोस्त योगीराज कापसाचं बोलायला देवगाव फाट्याहून आले. "राम राम, आबासाहेब!" म्हणत त्यांनी हात पुढं केला.

आबासाहेब वर न बघताच ओरडले, "दिसत न्हाई का रे? हात सोडता येत न्हाई!"

आधी भागवत हसला. मग कमलबाईंना इतकं हसू आलं की त्यांना फुंकता येईना. त्यात घागरीला एका बाजूनं जरा पोक आलं. पण भट्टीच्या उबेत सावकाश निववून दुसऱ्या दिवशी बाहेर काढली, तर अख्खी निघाली. आबासाहेबांनी ती उन्हात धरून बराच वेळ पाहिली. गोदामाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. कापूस योगीराजांच्या शेडात पडला. 'आत पाया पडू नये' असं भागवतनं दारावर खडूनं लिहिलं.

पुढं डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी मी लातूरला मुलाकडं आलो, तो इथंच राहिलो. निघायच्या आदल्या दिवशी गठ्ठा घेऊन गेलो होतो. जातोय हे सांगायचं होतं, पण ती पाठमोरी बसून नळी फिरवत होती.

"काका, दार लोटा जरा. वारं यायलंय."

"लोटतो. पेपर कुठं ठेवू?"

"ठिवा तिथंच."