केंपम्माची पेटी

"हात चुकला तरी चालेल, डोळ्यानं खोटं बोलू नये," असं चन्नपट्टणच्या अंगणवाडीतली आया केंपम्मा नेहमी म्हणायची. तिचा नवरा लाकडी खेळणी घडवायचा. तो गेल्यावर त्याच्याच लाकडाची तिनं एक पेटी केली आणि झाकणात गोल, चौकोनी, त्रिकोणी भोकं कोरली. पोरं ठोकळा फिरवत, अडत, पुन्हा नीट बघत, आणि कधीतरी तो नेमका आत जाई. शिक्षिका भाग्यासुद्धा लहानपणी याच पेटीवर शिकलेली.

छोट्या तनुचा त्रिकोण काही केल्या जात नव्हता. त्या सकाळी मात्र तिनं तो न बघताच टाकला आणि तो गोल भोकातून सरळ आत पडला. केंपम्मानं भोकावरून बोट फिरवलं. कड नुकतीच कानशीनं घासलेली होती.

"भाग्या, हे कुणी केलं?"

"मीच, अक्का. उद्या तपासणीला साहेब येताहेत. त्यांच्यासमोर पोरं अडली तर नाव माझंच जाणार."

"तुझाही त्रिकोण जात नव्हता. तेव्हा मी भोक मोठं केलं होतं का गं?"

"पेटीच तर आहे, अक्का. दुसरी कर."

"पेटी करीन गं. तुला पुन्हा कुठून घडवू?"

केंपम्मानं पेटी काखोटीला मारली, चपला पायात सरकवल्या आणि चिंचेखालच्या वाटेला लागली. भाग्या हजेरी घेत राहिली, तिनं मान वर केली नाही. तनु मात्र हातात राहिलेला दुसरा ठोकळा फिरवत, केंपम्मा दिसेनाशी होईपर्यंत दारात उभी होती.